सोलापुरात ड्रेसाज शिकताना: हौशी स्वारांच्या एका वर्गाचे चौदा महिने

अक्कलकोट रस्त्याला सोलापूर शहर विरळ होत जाते, तिथून आत वळणाऱ्या एका कच्च्या वाटेवर लहानसा तबेला आहे आणि त्या तबेल्यात आठवड्यातून तीन दिवस प्रौढ, हौशी स्वारांसाठी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकाराचा वर्ग चालतो. गेले चौदा महिने मी या वर्गाची विद्यार्थिनी आहे. घोडे चारच आणि जागा मोजक्या असल्यामुळे नाव छापू नये, अशी चालकांची विनंती आहे. ती मान्य करूनच मी हा अभिप्राय लिहीत आहे. ज्यांना खरोखर शिकायचे आहे, त्यांना त्या रस्त्यावरचा कोणीही कडब्याचा व्यापारी वाट दाखवील.

माझे वय ४६ असून मी बँकेत नोकरी करते. माहेर माळशिरस तालुक्यातले. माउलींची पालखी पुरंदवड्याला आली की वडिलांच्या खांद्यावर बसून गोल रिंगण पाहायचे आणि अश्व पुढे गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायची, हे लहानपणी दरवर्षीचे ठरलेले होते. त्यामुळे घोड्याविषयी मनात श्रद्धा होती, ओढ होती, ज्ञान मात्र काहीच नव्हते. घोडा म्हणजे वेग, एवढीच माझी समजूत होती. तीन वर्षांपूर्वी सुटीत परगावी एका ठिकाणी हौसेने घोड्यावर बसले, तेव्हा डोक्याला हेल्मेट न देता आणि काहीही न शिकवता मला थेट दुडकीवर सोडण्यात आले. दुसऱ्याच वळणावर मी पडले आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर घरच्यांनी हा विषय संपल्याचे गृहीत धरले होते. मला मात्र आपण नेमके का पडलो हे समजून घ्यायचे होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी या वर्गापर्यंत पोहोचले.

ड्रेसाज हा शब्द मूळचा फ्रेंच असून ‘तयार करणे, वळण लावणे’ असा त्याचा अर्थ आहे. आखलेल्या मैदानात ठरावीक क्रमाने घोड्याची साधी चाल, दुडकी आणि कँटर (दुडकीपेक्षा वेगवान, तीन ठोक्यांची चाल), तसेच वर्तुळे, थांबे आणि तिरप्या हालचाली करून दाखवायच्या आणि परीक्षकांनी प्रत्येक हालचालीला ० ते १० या पट्टीवर गुण द्यायचे, असे त्याचे स्पर्धेतील स्वरूप असते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून तो खेळांत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला स्वार काहीच करत नाही असे वाटावे आणि घोडा आपण होऊन सगळे करतो आहे असे दिसावे, हे या विद्येचे ध्येय. त्यामागे स्वाराचे बसणे, पोटऱ्यांचा दाब आणि लगामाच्या वाद्यांवरचा (हातात धरायच्या पट्ट्यांवरचा) हात यांची जी सतत चाललेली देवाणघेवाण असते, ती समजायला वर्षे लागतात.

आपल्या भागात ही गोष्ट समजावून सांगताना हमखास वरातीतल्या नाचऱ्या घोड्याचे उदाहरण पुढे येते. मीही पहिल्या दिवशी तेच विचारले होते. ड्रेसाजच्या सर्वांत वरच्या पातळीवर पियाफ नावाची हालचाल असते, तीत घोडा जवळजवळ जागच्या जागी दुडकी चालतो, त्यामुळे साम्य वाटणे स्वाभाविक आहे. दफेदारसाहेबांनी (आमचे शिक्षक लष्कराच्या घोडदळातून निवृत्त झाले आहेत आणि सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात) तेव्हा उत्तर दिले नाही. त्यांनी फोनवर दोन चित्रफिती, एक वरातीतल्या घोड्याची आणि एक ड्रेसाजची, आवाज बंद करून शेजारी शेजारी दाखवल्या आणि घोड्याच्या पाठीकडे, शेपटीकडे आणि मागच्या पायांकडे पाहण्यास सांगितले. एका घोड्याची पाठ दबलेली, शेपटी सतत आपटत होती, तोंड उघडे होते आणि मागचे पाय शरीराच्या बरेच मागे पडत होते. दुसऱ्याचे मागचे सांधे वाकून पोटाखाली भार घेत होते, शेपटी सैल होती आणि कान स्वाराकडे वळलेले होते. मान दोघांचीही कमानदार होती. ती कमान ओढलेल्या लगामामुळे आली आहे की मागच्या पायांनी भार उचलल्यामुळे, हे ओळखता येणे म्हणजे शिक्षणाची सुरुवात, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि चौदा महिन्यांनंतर मला ते पूर्णपणे पटले आहे. आमच्या तबेल्यातील एकही घोडा पियाफपर्यंत जाणार नाही, हेही त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. वर्गाची शिफारस करताना मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

पहिले अडीच महिने मला वाद्या हातात मिळाल्या नाहीत. लांब दोरीला बांधलेला घोडा शिक्षकांभोवती फिरत राहतो, स्वाराने रिकिबी काढून, हात कधी कमरेवर, कधी आडवे पसरून बसायचे आणि घोड्याच्या पाठीची हालचाल आपल्या कमरेतून जाऊ द्यायची, एवढाच पाठ. मराठीत घोड्याला असे गोलगोल फिरवण्याला ‘कावा’ म्हणतात. ‘गनिमी कावा’ या जोडशब्दामुळे तो आज ओळखीचा आहे. आणि स्वाराच्या बसण्याला आपल्याकडे ‘मांड’ हा नेमका शब्द आहे. दफेदारसाहेब पलटणीच्या सवयीने हिंदी आज्ञा देतात, दुडकीला दुलकी म्हणतात. पण मांड हा शब्द त्यांनी आमच्याकडून उचलला आणि आता तेच तो सर्वांत जास्त वापरतात. मांड घट्ट करणे म्हणजे मांड्या आवळणे, ही माझी समजूत येथेच मोडली. मांड्या आवळल्या की स्वार चिमट्यातल्या कपड्यासारखा वर सरकतो आणि पुढच्या धक्क्याला खोगीर सोडतो. परगावी मी पडले ती नेमकी याचमुळे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सहा आठवडे लागले आणि ते कोणी सांगितले नाही, माझ्या शरीराला एका सकाळी आपोआप कळले: मांड्या सैल सोडल्या, बसण्याची दोन हाडे खोगिराला लागल्याची जाणीव झाली आणि दुडकीचे हिसके बसायचे थांबले.

यानंतर मैदान. ड्रेसाजच्या मैदानाची मापे दोन असतात: लहान २० बाय ४० मीटर आणि मोठे २० बाय ६० मीटर. आमच्याकडे लहान मैदान आहे. कडेला चुन्याच्या फक्कीची रेषा आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांवर काढलेली अक्षरे: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. मध्यभागाचे अक्षर एक्स, ते जमिनीवर कुठेही लिहिलेले नसते. पहिल्यांदा ही अक्षरे पाठ करताना मला शाळेची आठवण झाली, परंतु त्यांचा उपयोग लगेच कळतो. ए पाशी वीस मीटरचे वर्तुळ काढायचे झाले, तर ते लहान मैदानात एका टोकाला ए ला स्पर्श करते, समोरच्या टोकाला एक्सवरून जाते आणि दोन्ही बाजूंना कोपऱ्यापासून दहा मीटरवर कडेला लागते. के आणि एफ ही अक्षरे मात्र कोपऱ्यापासून सहा मीटरवर असतात. म्हणजे स्पर्शाची जागा अक्षराच्या चार मीटर पुढे आहे आणि तिथे काहीही लिहिलेले नाही. नवशिका स्वार हमखास अक्षराकडे ओढला जातो, कोपऱ्यात शिरतो आणि वर्तुळ लांबट होते. दफेदारसाहेबांनी तिथे एक वीट ठेवली, आठ दिवसांनी वीट काढून फक्कीची चिमूट टाकली आणि आणखी आठ दिवसांनी तीही झाडून टाकली.

वर्गाची सर्वांत चांगली बाजू आता सांगते. दर दोन महिन्यांनी एका रविवारी येथे सराव-चाचणी होते आणि तीत विद्यार्थीच सगळी कामे करतात. एक जण सी या अक्षरामागे टेबल टाकून परीक्षक म्हणून बसतो, दुसरा लेखनिक म्हणून त्याचे गुण आणि शेरे टिपतो, तिसरा मैदानाच्या कडेला उभा राहून पुढची हालचाल मोठ्याने वाचून दाखवतो आणि चौथा घोड्यावर असतो. मग पाळ्या बदलतात. दफेदारसाहेब आणि तबेल्याच्या भागीदार असलेल्या डॉक्टर मॅडम (त्या पशुवैद्य आहेत) वेगळ्या कागदावर आपले गुण लिहितात आणि शेवटी दोन्ही कागद समोर ठेवून चर्चा होते. विद्यार्थी-परीक्षकाने ७ दिले आणि दफेदारसाहेबांनी ५ दिले, तर का, हे त्याने सांगायचे असते. ५ म्हणजे कसेबसे पुरेसे, ६ समाधानकारक, ७ बऱ्यापैकी चांगले, ८ चांगले, आणि १० उत्कृष्ट. मुलांच्या गुणपत्रिकेची सवय असलेल्या आम्हा पालकांना ६ हा मानाचा गुण आहे हे स्वीकारायला वेळ लागला.

माझ्या पहिल्या चाचणीत मला २०० पैकी १०७.५ गुण मिळाले, म्हणजे ५३.७५ टक्के. कागद अजून जपून ठेवला आहे. ए पाशीच्या वर्तुळासमोर ४.५ गुण आणि शेजारी लेखनिकाच्या अक्षरात ‘अंडाकृती, आतला खांदा गळतो’ असा शेरा आहे (आतला म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडचा). ते लिहिणारी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि माझ्या मुलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. पुढच्या चाचणीत मी परीक्षकाच्या खुर्चीवर होते आणि ती घोड्यावर. सी पासून पाहताना तिचे वर्तुळ कुठे फुगते आणि कुठे चेपते ते मला स्वच्छ दिसले, आणि माझ्या शेऱ्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. वरून बसून वर्तुळ दिसत नाही. दुसऱ्याचे वर्तुळ शंभर वेळा पाहिल्यावर आपल्या कमरेला आपले वर्तुळ जाणवू लागते. पैसे देऊन एकट्याने शिकवणी लावली असती, तर हे मला मिळाले नसते, असे मी खात्रीने सांगते. गेल्या चाचणीत मी ६१ टक्क्यांवर आले.

गुरुवारी संध्याकाळी लिंबाखाली तासभर सिद्धांताचा वर्ग असतो. जर्मन पद्धतीतील शिक्षणाच्या सहा पायऱ्या, म्हणजे ताल, सैलपणा, वाद्यांशी संपर्क, मागून येणारा जोर, सरळपणा आणि शेवटी भार मागे घेऊन केलेली एकवट, यांवर आमचे कित्येक गुरुवार गेले. ताल शिकवताना दफेदारसाहेब टेबलावर बोटे वाजवतात: चालीचे चार ठोके, दुडकीचे दोन, कँटरचे तीन आणि मग क्षणभर शांतता. आमच्यातले एक काका हलगी वाजवतात. त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटून नुसत्या टापांवरून घोड्याचा मागचा डावा पाय आखडतो आहे हे सांगितले, आणि डॉक्टर मॅडमनी तपासल्यावर खुराला खरोखरच मार लागलेला निघाला. तेव्हापासून चाचणीत ताल ऐकण्याचे काम काकांकडे आहे.

याच गुरुवारांत आम्ही २६ सप्टेंबर २०२३ ची हांगझोऊ आशियाई स्पर्धेची चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवले. सांघिक गणनेत उत्तम तिघांचे गुण धरतात: ७१.०८८, ६९.९४१ आणि ६८.१७६, एकूण २०९.२०५. आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचे सुवर्ण १९८२ च्या दिल्लीनंतर म्हणजे ४१ वर्षांनी आले होते. पुढच्या वर्षी पॅरिसला अगरवाला हे ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरलेले पहिले भारतीय ठरले आणि त्यांना ६६.४४४ टक्के गुण मिळाले. हे आकडे मी मुद्दाम देत आहे. उत्तम घोड्यांवर, परदेशात वर्षानुवर्षे राहून शिकलेल्या स्वारांनाही सत्तरीच्या आसपास गुण मिळतात हे कळल्यावर आपल्या ५३ कडे पाहण्याची दृष्टी बदलते. दुसऱ्या एका गुरुवारी डॅनिश स्वार लिस हार्टेल यांच्याविषयी ऐकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये या खेळात स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला. त्याआधी त्यात मुख्यतः लष्करी अधिकारीच उतरत. पोलिओमुळे हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले होते, तरी त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले. आमच्या वर्गात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांचे वय ६३ असून गुडघ्यांचा त्रास जुना आहे. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी रिकिबी दोन छिद्रे लांब करून बसल्या आणि तेव्हापासून तशाच बसतात.

घोड्यांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण शिक्षणाचा निम्मा भाग तेच देतात. कॅप्टन हा शर्यतीच्या मैदानावरून आलेला उंच थरोब्रेड आहे. वाद्या ताणल्या की तो वेग वाढवतो, कारण पूर्वी त्याला तेच शिकवलेले होते, आणि त्यामुळे हात हलका ठेवण्याचे महत्त्व त्याच्या पाठीवर बसणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते. माणक्या हा भीमथडी आहे. भीमेच्या थडीचे, म्हणजे आपल्याच काठचे हे घोडे. धनगरांच्या फिरत्या वाड्यांबरोबर (तांड्यांबरोबर) ओझे वाहत डोंगर-माळ तुडवणारे, उंचीला साधारण १३० सेंटिमीटर. त्याचा कँटर आखूड आणि हिसक्याचा आहे, परंतु साधी चाल इतकी मोकळी आहे की सराव-चाचणीत चालीला ७ मिळवून देणारा तबेल्यातला तो एकमेव घोडा. खोगिरासह भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, असा येथे नियम आहे आणि दर महिन्याला सर्वांना वजनकाट्यावर उभे केले जाते, त्यामुळे माणक्यावर आमच्यापैकी तिघांनाच बसता येते. मी त्यांत नाही.

मला शिकवले ते चंद्राने. ही मारवाडी वळणाची कुमैत घोडी वरातीच्या कामातून आली होती आणि तिच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे, निबर झालेले व्रण होते. ते काटेरी लगामाचे. या लगामाला आपल्या देशात १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो सर्रास वापरला जातो. माझ्या हातात तिच्या वाद्या आल्या तेव्हा तिच्या तोंडात मधोमध सांधा असलेली साधी गुळगुळीत कडी होती, तरीही मी बोट आवळले की ती मान वर फेकायची. दफेदारसाहेबांनी मला महिनाभर एकच काम दिले: आतल्या पोटरीने तिला हळूच बाहेर सरकवायचे, बाहेरची वादी ओल्या कपड्याच्या वजनाइतकी जड ठेवायची आणि वाट पाहायची. आपण होऊन काही मागायचे नाही. नोव्हेंबरमधल्या एका थंड सकाळी बी कडून एफ कडे जाताना तिची मान खाली आली. वादीच्या टोकाला काहीतरी जिवंत आहे, दोरीपलीकडून कोणी हात धरला आहे, असे मला वाटले. तिने कडी हळूहळू चघळली, ओठांवर पांढरा फेस आला आणि नाकातून लांब श्वास सोडला. तीन-चार पावले एवढेच ते टिकले. तबेल्यातले मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) चाचा कुंपणापाशी बादली घेऊन उभे होते. ते म्हणाले, ‘‘बाई, आज उसने तुमको हाँ बोली.’’ त्या दिवशी मी बँकेत उशिरा पोहोचले.

तबेल्याची निगा चांगली आहे. वैरणीत कडबा आणि लसूणघास, चंदीत भिजवलेले हरभरे मोजून. नालबंद दर सहा आठवड्यांनी येतो. घोड्यांचे दात वर्षातून एकदा तपासले जातात. स्वार होण्यापूर्वी नाकपट्ट्याखाली दोन बोटे जातात की नाही हे दुसऱ्या विद्यार्थ्याने पाहायचे, अशी शिस्त आहे. मार्च ते मे या काळात, सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, वर्ग पहाटे पावणेसहाला सुरू होऊन आठच्या आत संपतो. प्रवेश घेताना धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याची खात्री केली जाते.

आता उणिवा. मैदान ही मोठी अडचण आहे. खाली काळी माती आणि वर मुरूम व वाळूचा थर आहे, परंतु हा थर पातळ आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात चिखल वर आला, घोडे घसरू लागले आणि वर्ग पाच आठवडे बंद ठेवावा लागला. बंद ठेवण्याचा निर्णय योग्यच होता. मात्र त्या काळाची फी पुढे वळती करण्यासाठी आम्हाला दोन वेळा लेखी विनंती करावी लागली आणि अखेर निम्मीच वळती झाली. चालकांनी याबाबत आधीच लेखी नियम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रेसाजची खोल बैठकीची, लांब पाखांची खोगिरे दोनच आहेत; बाकी सर्वसाधारण खोगिरे असून त्यांवर पाय नकळत पुढे सरकतो, त्यामुळे शिकलेली मांड बिघडते. सामायिक हेल्मेटांपैकी काहींचे हनुवटीचे पट्टे सैल झाले आहेत. पहिल्या महिन्याच्या आत स्वतःचे हेल्मेट घ्यावे, यात काटकसर करू नये. स्त्रियांसाठी कपडे बदलायची खोली अजून नाही आणि हे मी दोनदा सांगूनही झालेले नाही.

महिन्याला ६,००० रुपये फी आहे. त्यात आठ वेळा स्वारी, गुरुवारचे सिद्धांताचे वर्ग आणि सराव-चाचणी येते. सोलापूरच्या मानाने ही रक्कम लहान नाही. वर्गात ऊस-बागायतदार आहेत तसे रिक्षाचालकाचा मुलगाही आहे, आणि तो तबेल्यातील कामाच्या बदल्यात शिकतो. ही सोय दोनच जागांसाठी आहे, पण ती प्रामाणिकपणे राबवली जाते. खरी स्पर्धा पाहायची किंवा खेळायची झाल्यास पुण्या-मुंबईकडे जावे लागते. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जण पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन एक स्पर्धा पाहून आलो आणि परतीच्या वाटेवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात कोणत्या हालचालीला किती गुण द्यायला हवे होते यावर टेंभुर्णीपर्यंत वाद घातला. ज्यांना उड्या मारायच्या आहेत, रपेटीचा वेग हवा आहे किंवा महिन्याभरात घोड्यावर बसलेला फोटो हवा आहे, त्यांचे येथे समाधान होणार नाही. मुलांना पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनीही थांबावे, कारण वर्ग अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे.

नवीन तुकडी पावसाळा संपल्यावर, मैदान वाळले की घेतली जाते. पहिल्या दिवशी कोणालाही घोड्यावर बसवत नाहीत. टाच असलेले बंद बूट, जाड कापडाची विजार आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळी लवकर जावे. चाचा तुमच्या हातात खरारा देतील आणि बहुधा चंद्राच्याच ठाणापाशी उभे करतील. तिला अजूनही उजव्या बाजूने कोणी चेहऱ्याजवळ हात नेलेला चालत नाही, तेव्हा डावीकडून, आधी आवाज देऊन, खांद्यापासून सुरुवात करावी.